आठ दिवसांची चावी

"आबा, हे परत मेलंय," संग्राम म्हणाला. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं त्यानं ते घड्याळ पट्ट्याला धरून माझ्यासमोर लोंबकळवलं होतं.

"मेलं न्हाई, निजलंय," मी म्हणालो. "घड्याळं मरत नसतात. एक्केचाळीस वर्षं हाच धंदा करतोय मी."

"चार्जिंगला कधी लावलं होतं?"

"लावलं हुतं की. गुरुवारी. का शुक्रवारी."

"आज रविवार आहे, आबा. हे रोज लावायचं असतं. रोज!"

मी पेपर खाली ठेवला. "रोज? घड्याळ हाय का जावई हाय रे ते?"

संग्राम माझा एकुलता एक मुलगा. पुण्यात नोकरीला. तो नेमकं काय काम करतो ते मला अजूनही चारचौघांत नीट सांगता येत नाही, म्हणून मी 'कंप्युटरवर असतो' एवढं सांगून विषय बदलतो. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. त्या फेब्रुवारीत मला दुकानातच झटका आला होता. कोल्हापूरला नेलं आणि डॉक्टरांनी हृदयात दोन स्टेंट बसवले. स्टेंट म्हणजे काय ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा आजारपणात पहिल्यांदा मला बरं वाटलं, कारण ती सरळसरळ स्प्रिंग होती. "जन्मभर लोकांच्या घड्याळांत स्प्रिंगा बसवल्या, आता माझ्यात बसल्या," असं मी आल्यागेल्याला सांगत सुटलो. लोक हसायचे. घरात मात्र कुणी हसायचं नाही.

एप्रिलात मी पुन्हा दुकान उघडलं आणि पाठोपाठ संग्रामनं हे घड्याळ आणलं. काळा चौकोन, काटे नाहीत, आकडे नाहीत, कानाला लावलं तर टिकटिक नाही. त्यात सिमकार्ड होतं. ते पावलं मोजायचं, झोप मोजायचं, नाडी मोजायचं, पावसाचा अंदाज सांगायचं.

"आणि वेळ?" मी विचारलं होतं.

"वेळ पण दाखवतं, आबा."

त्या 'पण'चा मला जो राग आला, तो आजतागायत पुरता गेलेला नाही.

तर त्या मे महिन्यातल्या रविवारी संग्रामनं ते घड्याळ चार्जिंगला लावलं आणि पोहे खाता खाता मूळ विषयाला हात घातला. गडहिंग्लजचं दुकान बंद करून आम्ही दोघांनी पुण्याला त्याच्याकडं जाऊन राहावं, हा तो विषय. त्याचं घर नवव्या मजल्यावर. मी तिथं एकदा बारा दिवस राहिलोय. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीत आपल्यासारखाच एक म्हातारा उभा असतो. त्या घरात दुरुस्त करण्यासारखी एकही वस्तू नाही.

"दुकानात एकटे असता तुम्ही," संग्राम म्हणाला. "काही झालं तर? म्हणून घड्याळ दिलं, तर ते तुम्ही बंद पाडून ठेवता. तुम्हाला साधं रोज चार्जिंग जमत नाही आणि दुकान चालवायचं म्हणता!"

बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडू लागले. आमच्या घरात रविवारी बारा वाजले की चावी द्यायची, हा रिवाज. लंबकाचं ते घड्याळ माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. एकदा चावी दिली की आठ दिवस बघायचं नाही. मी उठलो, काच उघडली आणि मोजून चौदा वेढे दिले.

"हे बघ. चौदा वेढं. आता पुढच्या रविवारपतुर हे आपल्याकडं काय मागत न्हाई."

"ते नुसती वेळ दाखवतं, आबा."

"मग घड्याळानं आणखी काय करायचं असतंय? आम्टी?"

"तुम्हाला नाही कळणार."

हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं. घड्याळातलं मला कळणार नाही, असं माझ्याच घरात, माझ्याच सासऱ्याच्या घड्याळासमोर! माझ्यातल्या दोन्ही स्प्रिंगा ताठ झाल्या.

"तुझं ते खेळणं एका चार्जिंगवर रविवार ते रविवार चालवून दावतो," मी म्हणालो.

"दाखवा!"

"न्हाई चाललं तर दुकान बंद. किल्ली तुझ्या आईच्या हातात दीन आणि गप पुण्याला येऊन खिडकीत हुबा ऱ्हाईन."

तोंडातून शब्द गेला आणि मग तो ऐकू आला.  संग्रामनं हात पुढं केला. "चाललं तर मी दुकानाचा विषय कधीच काढणार नाही. पण हातातून काढायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही आणि बटण दाबलं की वेळ दिसली पाहिजे. पुढच्या रविवारी बाराच्या ठोक्यापर्यंत."

तोवर घड्याळ भरून शंभर टक्के झालं होतं. त्यानंच ते माझ्या मनगटावर बांधलं.

शालन, म्हणजे माझी बायको, लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आठ दिवस ते नाडीबिडी दावतंय न्हवं?"

"चालू असेपर्यंत दाखवतं की, आई."

"मग काय बी करा," ती म्हणाली आणि आत गेली.

संग्राम दुपारी पुण्याला गेला. त्याला खात्री होती की मी हरणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मलाही तशी खात्री पटली. घड्याळ चव्वेचाळीस टक्क्यांवर आलं होतं. एका दिवसात निम्म्याहून जास्त स्प्रिंग उलगडली होती आणि सहा दिवस जायचे होते. मी दुकानात बसून चौफेर बघितलं. कपाटं, भिंग, चिमटे, भिंतीवर लोकांची दुरुस्तीला आलेली साठएक घड्याळं, प्रत्येक आपापली वेळ दाखवत. हे सगळं मी एका वाक्यात पणाला लावून बसलो होतो. मग मी जे तीन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. शेजारच्या दुकानाची पायरी चढलो.

शेजारी नसरीन मुल्लाचं तीन वर्षांपूर्वी निघालेलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरगी तिशीतली, हाताची चलाख. तिच्याशी माझं वैर असं नव्हतं, पण मोबाइल आले आणि लोकांची मनगटं ओस पडली, हा राग मी तिच्यावर काढत होतो. त्यात आणखी एक संशय होता. एप्रिलपासून शालनला दुकानातलं सगळं कळत होतं. संध्याकाळी घरी गेलो की विचारायची, "आज साडेअकराला कुणाशी वाजलं तुमचं?" आणि खरंच साडेअकराला कुणाशी तरी वाजलेलं असायचं. मिनिटाचाही फरक नाही. या चुगल्या नसरीनच करते असं मी धरून चाललो होतो.

"या मामा! आज सूर्य कुठनं उगवला म्हणायचा?" नसरीन म्हणाली.

मी संशय गिळला आणि पैज सांगितली. तिनं घड्याळ बघितलं, दोन बोटांनी पडदा वर-खाली केला आणि कपाळावर हात मारला.

"मामा, यात समदंच चालू हाय. हात हलला की पडदा पेटतोय. दर मिंटाला हवामान बघतंय. कोण मेसेज टाकला की थरथरतंय. आणि पडद्यावर ह्यो पळता घोडा कुणी लावलाय?"

"मला वाटलं कंपनीनंच दिलाय."

"ह्यो घोडाच निम्मी बॅटरी खातोय."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी मला कामात एवढी गोडी वाटली. शेवटी घड्याळ म्हणजे हिशेब एकच. स्प्रिंग एक, आणि तिच्यावर किती चाकं ओढायची ते आपण ठरवायचं. मी चाकं काढत गेलो आणि नसरीन बोटानं ती बंद करत गेली. घोडा गेला, काळ्या पडद्यावर बारीक पांढरे आकडे आले. उजेड कमी झाला. हवामान गेलं. थरथर गेली. पावलं गेली. झोप गेली, मी झोपलो की नाही ते मला सकाळी कळतंच.

"आता सिम आणि नाडी ऱ्हायली," नसरीन म्हणाली आणि थांबली. "घोड्याखालोखाल हीच दोन खात्यात. पण मामा, ही संग्रामदादास्नी इचारून बंद करूया. कशासाठी तरी लावली असतील की."

"सिम फोनसाठी. मनगटाशी कोण बोलतंय? येडा म्हणतील लोक."

"आणि नाडी?"

"काळीज माझ्या छातीत हाय. ते चाललंय का बंद पडलंय ते पैल्यांदा मलाच कळंल. कर बंद."

"बगा हं."

"कर म्हणतोय न्हवं?"

तिनं केलं. आता त्या घड्याळात फक्त वेळ उरली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ते आवडलं.

"आणि एक," मी पायरी उतरता उतरता म्हणालो, "माझ्या घरी चुगल्या करायचं बंद कर."

नसरीन बघतच राहिली. "मी? काकींचा नंबर सुदीक न्हाई माझ्याकडं!"

मी दुकानात येऊन टेकलो. पंचवीस-तीस मिनिटं झाली असतील, तोच दारात शालन उभी. माझ्या हातातला चिमटा पडला. दसऱ्याची पूजा सोडली तर ती कधी दुकानात येत नाही. घर ते दुकान दीड किलोमीटर. तिचे गुडघे दुखरे, रिक्षात तिला मळमळतं, आणि मे महिन्याचं ऊन. ती घामानं भिजली होती आणि माझ्याकडं अशी बघत होती जणू मी दहा वर्षांनी परदेशातून आलोय.

"काय गं? काय झालं?"

"काय न्हाई." तिनं श्वास घेतला. "ताक... ताक पिणार काय इचाराय आल्ते."

"मग आण की ताक."

"न्हाई आणलं. इचाराय आल्ते."

तेवढ्यात माझी नजर तिच्या पायांकडं गेली. एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्यात माझी. मी हसत सुटलो. नसरीनला हाक मारून बोलावलं आणि तिलाही दाखवलं. "बघ, बघ! ताक इचाराय आलीया!" शालननं खाली बघितलं, तीही थोडी हसली, आणि काउंटरवरच्या भांड्यातलं पाणी घटाघटा पिऊन तशीच बाहेर पडली.

माझा आठवडा असा सुरू झाला. मंगळवारी सदतीस टक्के. रोज सात टक्के जात होते. चव्वेचाळीसातून सहा दिवसांचे बेचाळीस गेले की रविवारी दोन उरणार होते. दोन म्हणजे एखादी चूक झाली की संपलं. मी घड्याळाकडं बघणं बंद केलं, कारण बटण दाबायचं म्हणजे पडदा पेटवायचा. गिऱ्हाइकानं वेळ विचारली की मी भिंतीकडं बोट दाखवायचो. भिंतीवर साठ घड्याळांत साठ वेळा. गिऱ्हाईक हवी ती घेऊन जायचं.

नसरीन म्हणाली की बॅटरीला उष्णता सोसत नाही. झालं, मी मनगटाला ओलं फडकं गुंडाळून दिवसभर तो हात माठाला टेकवून बसू लागलो. त्या हातानं काम बंद, म्हणून एका हातानं दुरुस्ती. आंघोळीला पाण्याचा थेंब उडून पडदा पेटायचा, तेव्हा डावा हात न्हाणीघराच्या दाराबाहेर काढून मी उजव्या हातानं अंग धुवायचो. तीन दिवसांत बाजारपेठेत बातमी झाली की ओतारीमामांचा, म्हणजे माझा, हात मोडला. माझे जुने गिऱ्हाईक पोवार गुरुजी तर हाडवैद्याचा पत्ता घेऊन आले.

"मोडला न्हाई, गुरुजी. थंड ठेवलाय."

"कशासाठी?"

"टिकावा म्हणून."

गुरुजी माझ्याकडं बघत बघत मागं सरकले आणि पायरी उतरून गेले.

आणि शालन रोज येत होती. मंगळवारी माझा चष्मा विसरलाय म्हणून आली. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. बुधवारी देवीला निघालेय म्हणाली. देवीचं देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला, असं दिवसातून दोनदा. यायची, काउंटरशी उभी राहून माझ्याकडं नीट बघायची, "बरं हाय," म्हणायची आणि जायची. एवढंच. संध्याकाळी घरी गेलो की कुणाशी वाजलं वगैरे काही विचारायची नाही. आधी दिवसभर फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्यात डोकं घालून बसायची, तोही आता फळीवर पडून होता. मला वाटायचं, भजनं बघून बघून कंटाळली असेल.

"काकींचं लई ध्यान हाय हो तुमच्यावर," नसरीन बुधवारी म्हणाली. तोंड बारीक करून, हातातल्या फोनकडं बघत म्हणाली, पण ते माझ्या लक्षात यायला मी काय त्या अवस्थेत होतो?

मी विचार केला. आजारपणानंतर माणसाची किंमत कळते म्हणतात, तसं झालं असावं. छत्तीस वर्षांच्या संसारात जे घडलं नव्हतं ते आता घडत होतं. माझ्या बायकोला माझ्यावाचून करमत नव्हतं! गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. अकरा वाजायच्या बेताला केसांवरून कंगवा फिरवला आणि ओल्या फडक्यातला हात जरा ऐटीत माठावर ठेवला. शालन आली, माझ्याकडं बघितलं, "बरं हाय," म्हणाली आणि गेली. शर्टाबद्दल एक अक्षर नाही.

शुक्रवारी मात्र माझा भ्रम फिटला. मी सहज बाहेर बघितलं तर ती रस्त्यापलीकडं कापडाच्या दुकानाच्या सावलीत उभी. आत येत नव्हती. तिथूनच मान उंच करून बघत होती. मी भिंग काढायला हात वर केला, तशी ती वळली आणि चालू लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संग्रामनं नेमलंय हिला! मी चोरून चार्जिंग करतो का ते बघायला!

मी तिला गाठलं आणि दुकानात आणून स्टुलावर बसवलं.

"खरं सांग. पोरानं गुप्तहेर म्हणून ठेवलंय का न्हाई तुला?"

ती पदरानं घाम पुसत होती. मला वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "व्हय. गुप्तहेर हाय मी."

"मग सांग त्याला. माझ्याकडं चोरी न्हाई."

"किती ऱ्हायलंय आज?"

"सोळा."

"पुरंल?"

"दोन उरत्यात."

"मग बघू नका त्याच्याकडं सारखं. पुरवून वापरा." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. उठताना तोंड वाकडं झालं.

"एवढं दुखतंय तर येतीस कशाला? घरी बसून हेरगिरी कर की."

"घरी बसून दिसत न्हाई," ती म्हणाली आणि गेली.

शनिवारी नऊ टक्के. रविवारी मी उठलो तो आरामखुर्चीत बसलो आणि डावा हात उशीवर ठेवला. नाष्टा उजव्या हातानं. संग्राम अकराला आला. माझा हात उशीवर बघून त्यानं बॅग तिथंच टाकली.

"चालू आहे?"

"बारा वाजता बघ."

तो समोर बसला. शालन दारात उभी. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मी फडकं सोडलं. घरात फक्त लंबकाचा आवाज. संग्रामनं दोनदा घसा खाकरला. पोरगा हरावा असं कुठल्या बापाला वाटतं? मला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं.

सासऱ्यांच्या घड्याळात घरघर झाली आणि पहिला ठोका पडला. मी ठोके मोजले. बारावा पडला आणि मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. काळं ते काळंच.  डोळ्यांसमोर नववा मजला, ती खिडकी आणि समोरचा म्हातारा उभे राहिले. मी पुन्हा दाबलं, जरा दम धरून. पडदा हळूहळू पेटला. बारीक पांढऱ्या आकड्यांत बारा वाजले होते आणि कोपऱ्यात एक टक्का होता.

मी खुर्चीतून उठलो तो थेट भिंतीपाशी गेलो आणि चौदा वेढे दिले. मागं वळून बघितलं नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पोराला दाखवायचं नव्हतं.

"हरलो," संग्राम म्हणाला. खरंच मोकळ्या मनानं म्हणाला. "पण आबा, केलं कसं?"

"घड्याळात घड्याळ तेवढं ठेवलं. बाकीचं काढून टाकलं."

त्यानं हसत हसत ते माझ्या हातातून सोडवलं, चार्जिंगला लावलं आणि पडद्यावर बोट फिरवू लागला. फिरवता फिरवता त्याचं हसू गेलं.

"सिम बंद केलं? नाडी पण? कधी?"

"सोमवारी. अकराच्या सुमाराला."

तो माझ्याकडं बघेना, दाराकडं बघू लागला. "आई, मग तुझ्या फोनवर सोमवारपासून काहीच येत नव्हतं?"

"काय येत नव्हतं?" मी विचारलं.

 शालननं फळीवरचा फोन उचलला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक लाल बदाम होता. त्याच्याखाली आकड्याच्या जागी नुसती रेघ, आणि शेवटची वेळ सोमवार, अकरा वाजून वीस मिनिटं.

"तुमच्या घड्याळातनं हिच्या फोनवर ठोके यायचे, आबा," संग्राम म्हणाला. "हिच्या सांगण्यावरूनच लावलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते हातात घातलंच नसतं. वाढले, कमी झाले, हिला घरी बसून दिसायचं."

साडेअकराची भांडणं. पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन. वेगवेगळ्या चपला.

"अगं पण आई," संग्रामचा आवाज चढला, "सोमवारीच बंद पडलं, तर मला फोन का नाही केलास? मी लगेच चालू करायला लावलं असतं."

"तसं झालं असतं तर ह्ये हरले असते," शालन म्हणाली. "दुकान गेलं असतं त्यांचं."

"मग आठवडाभर तुला कसं कळत होतं, आबा बरे आहेत म्हणून?"

"चालत जाऊन बघून येत हुते," ती म्हणाली आणि भात करपेल म्हणून आत गेली.

 दिवसातून दोन फेऱ्या, दीड किलोमीटर जायचं आणि दीड यायचं, असे सहा दिवस, त्या गुडघ्यांवर. आणि मी तिच्या चपला बघायला शेजारणीला बोलावलं होतं. मला माझीच एवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. ती भात ढवळत होती.

"शालन."

"ताट घ्या."

मी ताट घेतलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नसरीनच्या पायरीवर गेलो आणि म्हणालो, "सगळं चालू कर. नाडी पैल्यांदा."

तिनं मान खाली घातली. "मामा, एक सांगू? काकी त्या सोमवारीच परत जाताना माझ्याकडं आल्त्या. मी म्हटलं, आत्ता चालू करून देते. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, जिंकू दे त्यास्नी."

"आणि मला बोलली न्हाईस?"

"काकींनी शपथ घातल्ती. घोडा बी लावू काय परत?"

"लाव. खाऊ दे काय खायचंय ते."

चार वर्षं झाली. दुकान चालू आहे, संग्रामनं शब्द पाळला. भिंतीवरच्या घड्याळाला मी रविवारी चावी देतो आणि मनगटावरच्याला रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, न चुकता. आता मी दोन्ही हातांनी आंघोळ करतो.

शालन दुकानात येत नाही, तिला यावं लागत नाही. माझा पारा चढला की घड्याळ थरथरतं आणि मनगटातून तिचा आवाज येतो, "एकशेबारा झाल्यात. सोडा त्या गिऱ्हाइकाला." गिऱ्हाईक दचकून इकडंतिकडं बघतं. मी ओशाळतो आणि सोडतो.

एखादा दिवस मात्र अगदीच शांत जातो. कुणी येत नाही, कुणी घासाघीस करत नाही, चार वाजून जातात तरी मनगट मुकं. मग मी उठतो, शेजारच्या पायरीवर जातो आणि नसरीनला म्हणतो, "चल, भांड माझ्याशी." नसरीन फोन बाजूला ठेवते, बाह्या सारते, आणि आम्ही दोघं घसा फोडून भांडतो, मनगट थरथरेपर्यंत.